आमच्या रॅकवरच्या पीएचड्या

मागच्या जूनमधली गोष्ट, अजून आठवली की कान गरम होतात. एकाच दिवशी दोन थिसिस बाइंडिंगला होते, दोन्हीला काळं रेक्झिन, दोन्हीवर सोनेरी अक्षरं, जाडीही जवळजवळ सारखीच (असं सहसा होत नाही, ते पुढं सांगते), आणि मी आतले गठ्ठे उलटे चिकटवले. म्हणजे फिजिक्सच्या पोराच्या कव्हरात जात्यावरच्या ओव्या आणि मराठीच्या मॅडमच्या कव्हरात काचेवरच्या पातळ थरांचे आलेख. पोरगं पाचही प्रती पिशवीत घालून केएमटीत बसलं पण, आणि बसमध्ये सहज आपलं लेकरू बघावं तसं एक उघडून बघितलं तर आत "माझ्या गं बंधवाची...".

परत आला तासाभरानं. मी तोंड कसं लपवू ह्या विचारात, मॅडम आधीच येऊन रडकुंडीला आलेल्या, आणि हा पोरगा त्यांनाच विचारतोय, "मॅडम, ह्यात सारखा भाऊच का ओ येतोय? नवरा कुठाय?" झालं. मी पुठ्ठे सोडवेपर्यंत मॅडम त्याला माहेर, सासर, पहाटेचं जातं, आणि बाईला जे तोंडावर बोलता येत नाही ते ओवीत कसं येतं हे सगळं सांगत होत्या, वीस-पंचवीस मिनिटं तरी. मग त्यांनी विचारलं, तुमचं काय आहे? त्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, अच्छा. (सगळंच दोन्ही बाजूंनी रंगतं असं नाही.)

आमचं दुकान राजारामपुरीत, एका गल्लीत. टायपिंग, डीटीपी, झेरॉक्स, बाइंडिंग. आण्णांनी सुरू केलं तेव्हा टाइपरायटर होता, कार्बन घालून प्रती काढायच्या, पानाच्या शेवटच्या ओळीत चूक झाली की पान फाडून परत. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, तेव्हा सोलापूरही इकडंच होतं, ते २००४ ला वेगळं झालं, त्यामुळं आण्णांना बार्शी-पंढरपूरकडची गिऱ्हाइकंही आठवतात. आता कोल्हापूर, सांगली, सातारा. पण विषयांचं म्हणाल तर जगात जे जे आहे ते ते आमच्या रॅकवर येऊन गेलंय. गूळ, काकवी, चप्पल कामगार, सहकारी साखर कारखाना, नदीतले मासे, तमाशा, बचत गट, कबड्डीपटूंच्या गुडघ्याचं दुखणं. आणि थिन फिल्म. थिन फिल्म इतक्या की आण्णांना बरीच वर्षं वाटत होतं ही सिनेमाची भानगड आहे. त्यांचं काय चुकलं, बाबूराव पेंटरांचं गाव हे, जयप्रभा स्टुडिओचं गाव, फिल्म म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार. शेवटी एका मुलानं समजावलं, आण्णा, काचेची पट्टी घ्यायची, बीकरमधल्या द्रावणात ठेवायची, तिच्यावर एकदम पातळ थर बसतो, मग तो थर गॅस ओळखतो का, वीज साठवतो का ते बघायचं. आण्णा म्हणाले, म्हणजे कल्हईच की.

शेजारचे चहावाले मामा प्रत्येक थिसिसचं नाव वाचतात आणि एकच प्रश्न टाकतात, "आणि हे करून काय हुतंय?" आधी मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. नावंच तशी असतात, चार ओळींचं शीर्षक, त्यात "विशेष संदर्भ" आणि "एक चिकित्सक अभ्यास", ते सगळं सोनेरी अक्षरात बसवताना माझा जीव जातो. पण मामांच्या प्रश्नावर मी आता हत्ती सांगते.

केरळच्या कृषी विद्यापीठातल्या दोघांनी हत्तीच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ किती हे काढायचं सूत्र मांडलं होतं. त्यासाठी २००२ साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू येतं आणि मग विचार करायला लागतो अशा संशोधनाला देतात ते. मामा तर हसून लोटपोट, हत्तीला काय शर्ट शिवायचाय का म्हणे. पण बघा, अंगाचं क्षेत्रफळ कळलं की शरीर उष्णता किती बाहेर टाकतं त्याचा अंदाज येतो, माणसांत केमोच्या कित्येक औषधांचा डोस ह्याच मापावर ठरतो. आणि हत्तीला काही टेप गुंडाळत बसता येत नाही, म्हणून त्यांनी उंची आणि पुढच्या पायाचा घेर ह्या दोनच मापांवरून क्षेत्रफळ काढायची सोय केली. आजरा-चंदगडात हत्ती उसात उतरतोय ते बघितलेल्या माणसाला तरी हे फालतू वाटू नये. मामा म्हणाले, "पण पायाचा घेर घ्यायला जाणार कोण?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

इग नोबेलचाच दुसरा किस्सा आमच्या काउंटरवर चांगला खपतो. आंद्रे गाइम नावाच्या शास्त्रज्ञानं जबरदस्त ताकदीच्या चुंबकात जिवंत बेडूक हवेत तरंगवला, त्याबद्दल २००० साली इग नोबेल. पुढं एका पेपरवर त्यानं सहलेखक म्हणून आपल्या हॅमस्टरचं नाव टाकलं. असल्या माणसाला आपल्याकडं गाइडनं दारात उभं केलं असतं का? त्यालाच २०१० साली खरं नोबेल मिळालं, ग्राफिनसाठी. आणि ते ग्राफिन वेगळं कसं केलं तर ग्राफाइटवर, म्हणजे पेन्सिलीत असतं त्यावर, चिकटपट्टी लावायची आणि ओढायची, परत लावायची, परत ओढायची, शेवटी एका अणूच्या जाडीचा थर उरेपर्यंत. पेन्सिल आणि चिकटपट्टी, दोन्ही आमच्याकडं मिळतं, दोन्हीचे मिळून पंधरा-वीस रुपये. मी आण्णांना म्हटलं, आपण नुसतेच विकत बसलो.

आता जाडीचं. मराठी, इतिहास, समाजशास्त्र म्हटलं की चारशे-पाचशे पानं, विटेसारखा ठोकळा, पाठीवर नाव, साल, सगळं आरामात बसतं. सायन्सवाले बऱ्याचदा निम्म्यात. त्यामुळं कोणी म्हणालं की पानं वाढवून द्या, स्पेसिंग दीडचं दोन करा, तर मी त्याला कमला सोहोनींचं सांगते. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारलेला, त्या हटून बसल्या आणि मिळवला, पुढं १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. विषय काय तर बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशीतलं सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीच्या श्वसनात लागणारं एक प्रथिन. आणि प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. अमेरिकन गणितज्ञ जॉन नॅशचा तर २८ पानांचा, १९५० चा, त्यावरच पुढं अर्थशास्त्राचं नोबेल. ह्या दोघांचं बाइंडिंग माझ्याकडं आलं असतं तर पाठीवर नाव बसवायला जागाच नव्हती, नुसता पुठ्ठा. गिऱ्हाईक ऐकून घेतं, मान हलवतं आणि म्हणतं, बरोबर आहे ताई, पण दोन करा.

मला सगळ्यात आवडतात ती माणसं ज्यांचा प्रबंध कशावर होता हे कळल्यावर आपण चमकतो. इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला 'युगान्त' आठवतं, कुंती, द्रौपदी, गांधारी. पण बाईंनी बर्लिनमध्ये पीएचडी केली ती कवट्या मोजून! माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्यात वंशावरून फरक पडतो का हा प्रश्न. गाइडची ठाम समजूत होती की फरक पडणारच, गोरे लोक वरचढ निघणार. बाईंनी मोजलं आणि लिहिलं की तसं काही दिसत नाही. हे १९२० च्या दशकातलं जर्मनी, परक्या देशात एकटी बाई, आणि समोर गाइड. इथं मी गाइडच्या नावातलं "डॉ." राहिलं म्हणून रात्री अकराला परत आलेली माणसं बघितलीत, त्यामुळं मला त्याची किंमत जास्त कळते.

आणि आपल्या बगलेतलंच संशोधन आपल्याला माहीत नसतं. गंपर्झ आणि विल्सन ह्या दोघांचा १९७१ चा एक लेख आहे, भाषाशास्त्रात जगभर शिकवला जातो, आणि तो कुठला तर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या गावावरचा, कुपवार म्हणून लिहिलंय त्यात. तिथं कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू सगळं एकत्र नांदतंय पिढ्यान्‌पिढ्या. त्यांना दिसलं काय, तर शब्द ज्याचे त्याचे राहिले पण वाक्याचा सांगाडा एक झालाय. मराठीत "पाला जरा कापून घेऊन आलो", उर्दूत "पाला जरा काट के ले के आया", कन्नडही त्याच क्रमानं, शब्दाला शब्द ठेवत जावं. मी हे वाचलं आणि म्हटलं ह्यात शोधायचं काय, आमच्या गल्लीत रोज चालतंय. पण रोज चालतंय म्हणून तर आपल्याला दिसत नाही. मी स्वतः इथं "सांगते, करते" लिहितेय, पण घरातून निघताना आईला "येतो गं" म्हणूनच निघतो. पुण्याची नणंद दरवेळी हसते. कोल्हापुरातल्या बायका पुरुषासारखं का बोलतात, ह्यावर कोणी प्रबंध घेऊन आलं तर बाइंडिंग फुकट.

एकाच गोष्टीला किती खात्यांची माणसं लागतात ते बघायचं तर किरणोत्सव बघा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपातून गाभाऱ्यात, अंबाबाईच्या पायावर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. लहानपणापासून बघतोय पण दोनदाच का हे कधी डोक्यात आलं नाही. एका फिजिक्सच्या सरांनी पेनानं बिलाच्या मागं काढून दाखवलं. सूर्य दक्षिणेकडं सरकतो तो २१-२२ डिसेंबरपर्यंत, मग उलटा फिरतो. १० नोव्हेंबरपासून तिथवर ४१ दिवस आणि तिथून पुढं ४१ दिवस मोजा, ३१ जानेवारी येते. जाताना ज्या कोनात होता त्याच कोनात येताना. मोजून बघितलं मी, कॅलेंडर काढून. आता ह्यात देऊळ बांधणारे आले, खगोल आलं, हवेतली धूळ, बाष्प आणि ढग आले, आणि महाद्वार रोडच्या बाजूला वर चढलेल्या इमारतींची उंची आली, म्हणजे सिव्हिलवाले आणि महापालिका. कॉलेजचे सर लोक मोजायची उपकरणं घेऊन उभे असतात आणि शेजारी म्हाताऱ्या हात जोडून उभ्या. मला दोघांतलं कोणीही खोटं वाटत नाही.

तसाच टाऊन हॉल म्युझियममधला पोसायडन. रोमन बनावटीची काशाची मूर्ती, समुद्राचा देव, सापडला कुठं तर पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत, १९४० च्या दशकात. सातवाहन काळातल्या व्यापाराची खूण. त्याला ओळखायला ग्रीक देव माहीत असलेला माणूस लागला, खणायला आपला पुरातत्त्ववाला लागला. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्यासमोरून पळत गेलेलो, सरांचं लक्ष डबा खाण्याकडं.

मला वाटतं खरी अडचण मामांच्या प्रश्नात नाहीच, ती ही आहे की ही माणसं एकमेकांना भेटत नाहीत. थिसिस आता शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर, जातात, कोणीही घरबसल्या वाचू शकतं, पण माशांवाला माशांचंच शोधणार. गाय पॉइटविन आणि हेमा राईरकरांनी लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या नीट लावायला बर्नार्ड बेल हा संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारा फ्रेंच माणूस होता म्हणून त्या आज नेटवर सापडतात. तसं सगळ्यांचं जमत नाही. आमच्या रॅकवर ती जमतात, चार दिवस, शेजारी शेजारी, आणि मग आपापल्या पिशवीतून जातात. वाचणारी मीच. त्यातही प्रामाणिकपणे सांगायचं तर ऋणनिर्देश आधी वाचते. बायकोनं दागिने मोडले, भावानं शेत एकट्यानं बघितलं, "कै. वडिलांना हे बघायला मिळालं नाही". समीकरणांचं पान असो नाहीतर ओव्यांचं, ते पान सगळ्यांचं एकाच भाषेत असतं.

परवा संध्याकाळी एक सर पेनड्राइव्ह घेऊन आले, विषय गोगलगाय. मी फाइल उघडेपर्यंत लाईट गेली. बसले बिचारे. आण्णांनी विचारलं, ही ती सोयाबीन खाणारी का ओ? झालं, सर सुटले. ती शंखी गोगलगाय, २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात तिनं कोवळं सोयाबीन फस्त केलं, तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात. चहा दोनदा झाला. आण्णा म्हणाले, आमच्यात म्हणतात, गोगलगाय नि पोटात पाय. सर खुर्चीतून उठलेच जवळजवळ. म्हणाले, "आण्णा, तिच्या वर्गाचं शास्त्रीय नाव गॅस्ट्रोपॉड. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, पोड म्हणजे पाय. जसंच्या तसं!"

आण्णा जरा वेळ गप्प बसले, मग मला म्हणाले, "लिही गं, ह्यांच्या पहिल्या पानावर घाल ही म्हण." सर म्हणाले, गाइडना विचारतो. लाईट आली साडेआठला. पान नंबर अजून टाकायचे राहिलेत.