पु-एरची चकती घेण्याआधी: माझी चाखण्याची पद्धत

पु-एर म्हणजे चीनच्या युन्नान प्रांतातला, बहुतेकदा चकतीत दाबून मुरवलेला चहा. त्याच्या बाबतीत मी आता एक नियम पक्का पाळते. चव घेतल्याशिवाय अख्खी चकती घ्यायची नाही. चकती साधारणपणे ३५७ ग्रॅमची असते. एका वेळी ६ ग्रॅम धरले तर साठ बैठका होतात. कागदावरचं डोंगराचं नाव आणि 'प्राचीन वृक्ष' हे शब्द वाचून घेतलेला चहा नावडता निघाला, तर पुढच्या साठ बैठका तोच समोर येतो.

म्हणून आधी २५ ग्रॅमचे नमुने. विकणाऱ्याला मी स्पष्ट सांगते की चकतीचा सलग तुकडा द्या, भुगा नको. एकाच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून चहा उतरवतात, त्या प्रत्येक वेळेला मी काढा म्हणते. मोडलेल्या पानातून कडूपणा पहिल्या दोन काढ्यांतच भसकन उतरतो आणि चांगला चहाही वाईट वाटतो. एका वेळी तीन-चार नमुने, तेही एकाच जातीचे. सगळे शंग किंवा सगळे शौ. शंग म्हणजे कच्चा. कढईत परतून, मळून, उन्हात वाळवलेली पानं वाफेवर दाबायची आणि वर्षानुवर्षं मुरू द्यायची. शौ म्हणजे पिकवलेला. तीच उन्हात वाळवलेली पानं पाणी मारून ढिगात साधारण दीड-दोन महिने आंबवतात. ही रीत १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. दोन्हींची चव इतकी वेगळी की शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

कागदावरचं काय वाचायचं? मागच्या बाजूला उत्पादनाची तारीख आणि मानकाचा क्रमांक. जीबी/टी २२१११-२००८ या चिनी मानकानुसार युन्नानमधल्या ठरलेल्या भागातल्या मोठ्या पानाच्या, उन्हात वाळवलेल्या चहालाच पु-एर म्हणता येतं. चार आकडी पाककृतीत, म्हणजे पानांच्या मिश्रणाच्या क्रमांकात, मात्र बरेच जण फसतात. ७५४२ मधले ७५ म्हणजे ती पाककृती १९७५ ची, ४ म्हणजे पानाची प्रत आणि २ म्हणजे मंगहायचा कारखाना. चकती कधी बनली हे त्यातून कळतच नाही. त्यासाठी तुकडीचा आकडा बघायचा. १८०१ असेल तर २०१८ ची पहिली तुकडी. ७५४२ शंग आणि ७५७२ शौ यांचे नमुने मी नेहमी जवळ ठेवते, कारण मोजायला काहीतरी पट्टी लागतेच. 'जुन्या झाडाचा' या शब्दांसाठी मी जास्तीचे पैसे देत नाही. लाओ बानचांग या युन्नानमधल्या नावाजलेल्या गावचं पीक थोडं आणि महाग असतं, त्यामुळे त्या नावाची स्वस्त चकती दिसली की तिच्याकडे वळूनही बघत नाही.

नमुने आले की दोन आठवडे हात लावत नाही. प्रवासात चहा बंद पिशवीत घुसमटतो आणि पहिल्या दिवशी फिका किंवा कोंदट लागतो. कागदी पाकिटात, वास नसलेल्या जागी ठेवला की खुलतो.

चाखायला १०० मिलीची पांढऱ्या चिनी मातीची गायवान, म्हणजे झाकणाचा बशीवरचा पेला, आणि ६ ग्रॅम चहा. चीनमधल्या यीशिंगच्या मातीची किटली रोजच्या पिण्याला सुरेख, पण ती सच्छिद्र माती चवीचे कंगोरे घासून टाकते, म्हणजे दोषही झाकते. पाणी खळखळ उकळतं हवं. पहिलं पाणी पाच सेकंदांत ओतून टाकायचं, शौ असेल तर दोनदा. मग गरम ओल्या पानांवर झाकण ठेवून, दहा सेकंदांनी उचलून झाकणाची आतली बाजू हुंगायची. माझ्यासाठी सगळ्यात प्रामाणिक क्षण हाच. कोंदट साठवण, कढईतला करप, ढिगाचा मासळीसारखा वास, सगळं त्या थेंबांत सापडतं. झाकण गार झाल्यावर परत हुंगते. चांगल्या शंगचा गार झाकणाला मधासारखा वास राहतो.

पहिले तीन काढे ५ ते ८ सेकंदांचे. पुढे प्रत्येकी पाचेक सेकंद वाढवत जायचं. आठव्याला अर्धा मिनिट, बाराव्याला जवळपास मिनिट. प्रत्येक वेळी शेवटच्या थेंबापर्यंत निथळायचं, नाहीतर तळाशी उरलेलं पाणी पुढचा काढा कडू करतं आणि दोष चहाच्या माथी जातो.

कडू आणि तुरट यांतला फरक कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि शंग घेताना निम्मा निर्णय त्यावरच होतो. कडू ही जिभेला कळणारी चव. घोट गिळल्यावर अर्ध्या मिनिटात ते विरून घशात गोडवा परत आला, तर त्याला हुई-गान म्हणतात. युन्नानमधल्या बुलांग डोंगरावरचा चहा कडक कडू असूनही माणसं हौसेने पितात ती यासाठी. तुरट जिभेला आणि गालांना आवळतं. पाचव्या-सहाव्या काढ्यानंतरही जीभ खरखरीतच राहिली, तर ती चकती मी घेत नाही. युन्नानमधल्याच ईवू भागातला शंग पहिल्याच घोटाला मऊ लागतो. नवख्याला तो लगेच आवडतो, म्हणून त्याच्याबाबत मी घशाकडे जास्त लक्ष देते.

२५ ग्रॅममध्ये अशा तीन बैठका होतात आणि थोडा चहा उरतो. त्यातल्या ३ ग्रॅमवर १५० मिली उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं. पिण्याचा आनंद नाही, पण लपलेलं सगळं बाहेर येतं.

शेवटी चोथा ताटलीत पसरून बघायचा. शंगची पानं बोटांत दाबली तर चामड्यासारखी लवचीक हवीत. पानांच्या कडा लालसर असतील तर तोडणी आणि कढई यांत वेळ गेला. काळे ठिपके असतील तर पान कढईत करपलं. नवा शंग ग्रीन टीसारखा टवटवीत, फुलांच्या घमघमाटाचा असेल तर मी सावध होते. जास्त उष्णता देऊन वाळवलेल्या चहाचा वास पहिल्या वर्षी मोहवतो आणि दोन-तीन वर्षांत चहा सपाट होतो. शौची पानं तपकिरी, मऊ हवीत. कोळशासारखी काळी, कडक, न उलगडणारी पानं बरीच असतील तर ढीग फार तापला होता. मासळीचा वास तेवढा माफ. हवेशीर ठेवला तर वर्षभरात तो बहुतेक जातो.

बुरशीबद्दल माझं मत ठाम आहे. दमट साठवणीचा हलका मातकट वास महिनाभर हवा दिली की उतरतो. हिरवे, पिवळे किंवा काळे केसाळ डाग दिसले तर तो चहा प्यायचा नाही.

चकती घेतल्यावर ती फोडणं हीही कला आहे. मागच्या खळग्याच्या कडेने टोचा आडवा घालून, हलवत हलवत थर उचकटायचा. वरून खाली भोसकलं तर पानं तुटतात. टोच्याच्या समोर दुसरा हात कधीच नको, कारण लोखंडी साच्यात दाबलेल्या चकतीवरून तो सटकतो.

साठवायला ६० ते ७० टक्के आर्द्रता आणि २० ते ३० अंश तापमान. मी जाड पुठ्ठ्याचं खोकं वापरते. आत छोटा आर्द्रतामापक, शंग आणि शौ वेगळ्या खोक्यांत, स्वयंपाकघरापासून लांब, उन्हाबाहेर. आकडा ७५ च्या वर गेला की खोकं उघडं ठेवते. दर तीन महिन्यांनी कागद उलगडून वास घेते आणि प्रत्येक चकतीतला ६ ग्रॅम पिऊन तारखेसह दोन ओळी लिहून ठेवते.