टेबलाच्या दोन्ही बाजूंना

१४ ऑगस्ट

परवा दुपारी तासभर उघडीप मिळाली आणि मी घाई केली. टेबलावर मांडून खेळायच्या लढाईसाठी रंगवलेले आठ गोलंदाज, म्हणजे तोफा डागणाऱ्यांचे इवलेसे पुतळे, गच्चीवर नेले आणि त्यांच्यावर मॅट वार्निशचा स्प्रे मारला. खाली आणेपर्यंत आठही जणांवर पांढुरकी झाक चढली होती, पिठाच्या गिरणीत उभे राहून आल्यासारखी. हवेतला दमटपणा वार्निशच्या थरात अडकला की असं होतं. पुण्याच्या पावसाळ्यात स्प्रेला हात लावायचा नाही हे मला ठाऊक होतं, तरी हात गेला. दहा रात्रींचं काम होतं ते. त्या संध्याकाळी कुणाशी बोलावंसंच वाटेना.

आज ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिला आणि झाक गेली. खालचा निळा जसाच्या तसा वर आला. आता सगळे चकाकताहेत. चकाकू देत. मॅटचा हात ऑक्टोबरच्या उन्हात देईन.

२२ ऑगस्ट

हे गोलंदाज असईच्या लढाईतले, दौलतराव शिंद्यांच्या तोफखान्यातले. २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातलं असई. २३ तारखेलाच ही लढाई टेबलावर मांडायची असं जूनमध्ये ठरवलं आणि तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की दीड तास दिव्याखाली बसतो.

माणूस १५ मिलिमीटर उंच, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही बुटका. चिंचवडचा एक मित्र घरच्या प्रिंटरवर रेझीनमध्ये छापून देतो. आधाराच्या काड्या कापायच्या, त्यांचे वण घासायचे, काळा प्रायमर द्यायचा. मग कपड्यांचे मूळ रंग, त्यावर पातळ तपकिरी वॉश. तो चुण्यांमध्ये उतरून बसतो आणि सपाट पुतळ्याला एकदम अंग येतं. शेवटी कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग. बेसवर, म्हणजे पायाखालच्या तुकड्यावर, फेविकॉल लावून वाळवलेली चहापत्ती पसरतो. काळ्या रानाचा रंग तिच्याइतका हुबेहूब दुसऱ्या कशानेच येत नाही.

तोफा बारा केल्या आहेत. समोरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेल्स्ली, त्याच्या हाती त्या दिवशी ९८ तोफा लागल्या, म्हणजे माझी एक तोफ म्हणजे साधारण आठ. प्रत्येक तोफेमागे चार माणसं, एकूण अठ्ठेचाळीस. सगळ्यात आधी तीच रंगवायला घेतली, कारण असईचं नाव निघालं की मला पहिल्यांदा तीच दिसतात. कंपनीची फौज अंगावर आली तरी त्यांनी तोफा सोडल्या नाहीत, तिथेच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले. रांग पुढे निघून गेल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि कंपनीच्या पाठीवर डागल्या. शाळेत वेल्स्लीचं नाव पाठ केलं होतं. यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. म्हणून प्रत्येकाच्या फेट्याची छटा थोडी वेगळी करतो.

३० ऑगस्ट

लाल डगले सुरू केले. मन लागत नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

आमच्या वाड्यात दिवाळीला किल्ला व्हायचा. दगड-विटांवर पोतं, पोत्यावर माती, मातीत अळीव पेरलेला. वर महाराज, पायऱ्यांवर कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, खाली विहीर आणि भाजीवाली. बाबा प्रत्येक मावळ्याला जागा नेमून द्यायचे, हा बुरुजावर, हा दरवाज्यात. पहारेकरी, तोफा सगळं होतं, पण आमच्या किल्ल्यावर शत्रू कधीच नव्हता. मावळे तलवारी उपसून मोकळ्या अंगणाकडे बघत उभे असायचे. इतकी वर्षं त्यात काही उणं आहे असं वाटलं नव्हतं. परवा कंपनीच्या शिपायांची पहिली पट्टी प्रायमर होऊन समोर आली, तेव्हा लक्षात आलं की समोरची बाजू मी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतोय.

मद्रासी पलटणींचा पोशाख चमत्कारिक: वर लाल डगला, खाली आखूड चड्डी, पाय उघडे. म्हणजे गुडघे आणि पोटऱ्या त्वचेच्या रंगात रंगवायच्या. तिसऱ्या रात्री मी त्यांच्यासाठी तपकिरी रंग कालवत होतो आणि डोक्यात आलं, हा तर गोलंदाजांसाठी कालवला होता तोच. नवीन कालवायची गरजच पडली नाही. तीच डबी उघडली.

आता रोज दोन्हीकडचे थोडे थोडे रंगवतो. मन लागतं.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. टेबल आईने ताब्यात घेतलंय. “तुझी माणसं आवर रे, मोदकाचं सामान ठेवायचंय,” म्हणाली. पण स्वतःच एकेक बेस धरून डब्यात ठेवायला लागली, डोक्याला बोट न लावता. कसं धरायचं हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

संध्याकाळी मूर्ती आणायला गेलो. पेणच्या मूर्तींची डोळ्यांची आखणी बघत बराच वेळ उभा राहिलो. एका ओढीत वरची कड, श्वास रोखून. १५ मिलिमीटरच्या माणसाला डोळे काढत नाहीत. भुवईखाली वॉशची सावली पडली की पुरे, हातभरावरून तो बघतोय असंच वाटतं.

१८ सप्टेंबर

घोडेस्वार संपले. इथे एक अडचण निघाली, ती सोडवताना बराच वेळ गेला आणि तो जावाच असं वाटतं. शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्याकडे मराठी घोडदळ होतं, हे उघडच आहे. पण वेल्स्लीकडेही होतं. वसईचा तह होऊन वर्षही झालं नव्हतं, पेशवे कंपनीच्या बाजूला होते आणि त्यांचे स्वार म्हैसूरच्या स्वारांबरोबर त्या दिवशी वेल्स्लीच्या फौजेत होते. माझ्याकडे मराठी स्वारांचा एकच साचा. दोन्हीकडचे स्वार, घोडे, भाले, फेटे सगळं एकसारखं. टेबलावर सरमिसळ झाली तर कोण कुणाचा हे मलाच कळणार नाही.

पेशव्यांच्या स्वारांना वेगळा रंग द्यावा असं आधी वाटलं, पण नाही दिला. त्यांनाही त्या दिवशी एकमेकांत फरक दिसला नसेल. शेवटी फक्त बेसच्या मागच्या कडेला बारीक लाल रेघ ओढली. समोरून दिसत नाही.

पायदळाचंही तसंच. शिंद्यांच्या कवायती पलटणी हिंदुस्थानातल्या, म्हणजे उत्तरेकडच्या, त्यांचा सेनापती पोलमन जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, आणि त्याच रांगेत मेरठजवळच्या सरधान्याची राणी बेगम समरू हिच्या पलटणी. ‘आपली बाजू’ म्हणून मी बसलो होतो खरा, पण रंगवताना प्रत्येक पेटीवर निराळ्या मुलखाचं नाव लिहावं लागलं.

२३ सप्टेंबर

रात्रीचे बारा वाजून गेलेत. हात थरथरतोय, तरी आजच लिहितो.

जमिनीला बाबांचं घोंगडं पसरलं, खाली पुस्तकं घालून उंचवटे केले. काथ्याचं जुनं पायपुसणं कापून ज्वारीची शेतं. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, पूर्वेला त्यांचा संगम. मधल्या चिंचोळ्या जिभेवर शिंद्यांची फौज, तोंड केळणेकडे. जुईच्या काठावर मातीच्या भिंतींचं असई. नद्यांना निळा लावला नाही. सप्टेंबरातलं पाणी गढूळच.

एकट्याने खेळायचं तर पहिला प्रश्न मोहाचा. लहानपणी एकटा बुद्धिबळ खेळायचो तेव्हा पांढरे नेहमी जिंकायचे, कारण मी पांढऱ्यांच्या बाजूला बसलेला असायचो. आता नियम असा: जिथे माझं मन एका बाजूला ओढेल तिथे निर्णय फाशाने. पत्त्यांचा जोड पिसून ठेवतो. लाल पत्ता आला की कंपनीची एक तुकडी हलते, काळा आला की शिंद्यांची. जोकर निघाला की ती पाळी तिथेच संपली, राहिलेल्यांनी हललं नाही तरी. आणि तुकडी हलवायच्या आधी मी उठून त्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसतो. हे कुठल्या नियमात नाही. पण खुर्ची बदलली की समोरचं रान खरंच वेगळं दिसतं.

वेल्स्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं की केळणेला पुढे उतार नाही. त्याला पिंपळगाव आणि वरूड ही गावं दोन काठांवर समोरासमोर दिसली. इतक्या जवळ दोन गावं, म्हणजे मधे येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला आणि तो बरोबर निघाला. तिथून माझी लाल रांग नदी उतरून शिंद्यांच्या बगलेवर आली. आता पोलमनची पाळी. खऱ्या लढाईत त्याने सगळी रांग दक्षिणेकडून पूर्वेकडे फिरवली, तोफांसकट, तीही इतक्या झटपट की वेल्स्ली चकित झाला. माझ्या तक्त्यात एक-दोन आले तर उशीर, तीन-चारला अर्धी रांग, पाच-सहाला पूर्ण. काळ्या बाजूच्या खुर्चीत बसून फासा टाकला. पाच. उठून बाराही तोफा एकेक करून वळवल्या. एवढं सुख या छंदात मला क्वचित मिळालं आहे.

मग उजवी बगल. त्या दिवशी कंपनीची पुढची टोळी वाट चुकून थेट असई गावाकडे गेली आणि तिच्यामागे ७४वी हायलँडर पलटण तोफांच्या तोंडी सापडली. सुमारे ५०० माणसांतली ४०० मेली किंवा जखमी झाली. माझ्याकडे ही पलटण पाच बेसची आहे. एक आला तर वाट चुकते. मी लाल खुर्चीत होतो आणि फासा हातात घेताना माझ्या मनात स्पष्ट आलं, एक नको.

एक आला.

असईच्या भिंतीलगतच्या चार तोफांनी दोन पाळ्यांत तीन बेस उचलायला लावले. म्हणजे मीच उचलले. यांच्या पांढऱ्या विजारींवर सावलीची रेघ ओढायला मला आठवडा लागला होता. जूनपासून ज्या क्षणाची मी वाट पाहत होतो तो हाच, शिंद्यांच्या तोफा कंपनीची रांग फोडताहेत. आणि मी बेस डब्यात ठेवताना आईसारखे ठेवत होतो, डोक्याला बोट न लावता.

शिंद्यांच्या घोडदळासाठी दर पाळीला सहा लागत होता. हजारोंचं घोडदळ त्या दिवशी जवळपास नुसतं उभं राहिलं, म्हणून नियम कडक ठेवला होता. सातव्या पाळीला सहा आला आणि सगळं घोडदळ उरलेल्या दोन बेसवर निघालं. त्यांना वाचवू शकेल असं एकच होतं, कंपनीच्या मॅक्सवेलचं घोडदळ, पण त्यासाठी लाल पत्ता हवा होता. काढला तो जोकर. पाळी संपली. पत्ता नीट पिसला नव्हता, परत काढावा, असं मनात आलं. आलं तेही लिहितो. परत काढला नाही. ७४वी संपली.

दक्षिणेकडे मात्र ७८वी पलटण आणि मद्रासी शिपाई तोफांवर जाऊन भिडले होते. तिथल्या पाच तोफा पडल्या. मग जोडात मी घातलेला ‘मेल्याचं सोंग’ हा पत्ता निघाला, दोन तोफांचे गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून मारा केला. त्यांना पुन्हा उभं करताना माझ्या तोंडून मोठ्याने शब्द निघाला, लेक झोपेतून उठून आली. “कोण जिंकतंय?” तिने विचारलं. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. ती माझ्या मांडीवर बसली आणि पुढचे सगळे फासे तिनेच टाकले.

अकराच्या सुमारास दोन्ही फौजा मोडायच्या बेतात आल्या. आधी लाल पत्ता, म्हणून कंपनीची परीक्षा आधी. तीन किंवा जास्त हवे होते, बरोबर तीन आले. मग शिंद्यांची. दोन. पोलमनची रांग जुई ओलांडून मागे गेली. बारापैकी नऊ तोफा जागेवर राहिल्या.

खऱ्या लढाईतही त्या रात्री वेल्स्लीला पाठलाग करता आला नाही. त्याचे दीड हजारांहून जास्त मेले-जखमी झाले होते आणि तो स्वतः मेलेल्यांच्या मधेच झोपला. माझ्याही टेबलावर आहे तसंच ठेवलंय. फक्त दिवा बंद करतो.

२४ सप्टेंबर

सकाळी आईने टेबल न आवरता सगळ्यांना जमिनीवर पानं वाढली. काही बोलली नाही.

संध्याकाळी माणसं डब्यात भरली. डबा पत्र्याचा आहे आणि बेसखाली चुंबक, त्यामुळे हलत नाहीत. एका गोलंदाजाच्या फेट्याचा रंग उडालाय, मी किंवा लेकीने त्याला पाडलं असणार. तो बाजूला काढून ठेवलाय. लेकीने दिवाळीच्या किल्ल्यासाठी दोन लाल डगलेवाले मागून घेतले आहेत. जागा तीच ठरवणार, असं तिने बजावून सांगितलंय.

पुढची लढाई २९ नोव्हेंबरला, आडगावची. अकोला जिल्हा, हीच कंपनीची फौज, दोन महिन्यांनी. तिथे असईत तोफांसमोर टिकलेल्या काही मद्रासी पलटणी सुरुवातीच्याच तोफमाऱ्याने पळाल्या आणि वेल्स्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना परत उभं करावं लागलं. तीच माणसं, तसल्याच तोफा. याला कुठला तक्ता लावायचा हे अजून सुचत नाहीये. एकदा टिकलेल्या पलटणीला फाशात एक जास्त द्यायचा, हा माझा नेहमीचा नियम. इथे एक कमी करून बघतो.