मनगटावरचे मणी काढल्यावर

हाँगकाँगमध्ये मी मोशन कॅप्चरचे काम करतो. अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखावर प्रकाश परावर्तित करणारे छोटे मणी चिकटवायचे, भोवतालच्या अवरक्त कॅमेऱ्यांनी ते टिपायचे आणि संगणकावर त्यांतून हलता सांगाडा उभा करायचा, असे हे काम. त्या दिवशी, विंग चुन ही दक्षिण चीनची युद्धकला पन्नासहून अधिक वर्षे शिकवत आलेले एक वृद्ध गुरू आमच्याकडे आले होते. सगळे त्यांना सिफू म्हणत होते.

सकाळी त्यांनी ‘सिऊ नीम तौ’ हा ठरलेल्या हालचालींचा पहिला संच केला. यात पाय जागचे हलत नाहीत. गुडघे किंचित आत वळवून उभे राहायचे आणि कोपर, मनगट, तळवा यांनीच सारे करायचे. सुरुवातीचा भाग त्यांनी इतका सावकाश केला की यंत्रणाच अडकली की काय, अशी शंका मला आली. नोंद मात्र निर्दोष झाली होती.

दुपारी ‘ची साऊ’ची नोंद घ्यायची होती. यात दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या हातांना हात चिकटवून फिरवत राहतात आणि समोरच्याचा जोर कुठे वाढला, कुठे ओसरला, हे डोळ्यांऐवजी स्पर्शाने ओळखतात. सिफूंनी शिष्याच्या हाताला हात लावला आणि लगेच थांबून मनगटाजवळचे मणी काढायला सांगितले. ते काढले तर हाताचा मागच लागणार नाही, असे मी अजिजीने म्हणालो. शिष्याने त्यांचे उत्तर मला समजावून दिले: “सिफू म्हणतात, ते इथूनच ऐकतात.”

मणी काढले. मग जवळजवळ तासभर सिफूंनी शिष्याचे कोपर पुनःपुन्हा छातीच्या मध्यरेषेकडे आणले, आणि त्याने जोर लावला की स्वतःचा हात इतका अलगद वळवला की त्याचाच तोल जाई. माझ्या पडद्यावर मात्र सांगाड्यांचे हात मधूनमधून नाहीसे होत होते.

विंग चुनचे प्रसिद्ध गुरू इप मान 1949 मध्ये फोशानहून हाँगकाँगला आले आणि पुढे ही विद्या इथे उघडपणे शिकवू लागले. ब्रूस ली त्यांचाच शिष्य. 1972 मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांचे संच चित्रफितीवर घेतले गेले. ती चित्रफीत मी कामापूर्वी अनेकदा पाहिली होती आणि आपणही तसेच, फक्त अधिक अचूक, काहीतरी करणार आहोत असे समजत होतो. शिष्याच्या कोपराखाली सरकलेली सिफूंची दोन बोटे पाहिली, तेव्हा आपण नोंदवायला निघालो होतो ते या विद्येचे अर्धेच अंग होते, हे मला कळले.

निघण्यापूर्वी सिफूंनी माझाही हात मागितला. त्यांच्या मनगटाचा भार जेमतेम जाणवत होता, आणि तरीही मला माझा हात पुढे नेता येईना.

अशा नोंदींतल्या रिकाम्या जागा आम्ही सहसा संगणकाकडून अंदाजाने भरून घेतो. त्या रात्री मी त्या तशाच ठेवल्या आणि प्रत्येकीशेजारी, त्या क्षणी सिफू शिष्याला काय दुरुस्त करत होते, ते लिहून ठेवले.