‘प्राउडली’ आणि वर आलेला खिळा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिही, असा निरोप आला आणि आठवली ती आठवीतली इंग्रजीची वही. तिच्यात एका शब्दाभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली. त्यामुळे आठवीत आमची मजल ‘माय फादर’ या निबंधापर्यंतच. बाबा मालवणच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करायचे. मी लिहिलं, ‘माय फादर इज प्राउडली.’ शब्द नवा होता, लांब होता, म्हणून ठोकून दिला.

सर रागावले नाहीत. वाक्य फळ्यावर लिहून म्हणाले, “बाबा अभिमानाने आहेत. अभिमानाने काय करतायत? जेवतायत?” वर्ग खिदळला. क्रियाविशेषणाला क्रिया लागते, हे मला त्या दिवशी कळलं ते कायमचं. माणूस कसा आहे हे सांगायचं तर ‘प्राउड’, तो काम कसं करतो हे सांगायचं तर ‘प्राउडली’. अभिमान कशाचा, ते सांगायला ‘प्राउड’पुढे ‘ऑफ’. सरांनी वाक्य दुरुस्त केलं: ‘माय फादर प्राउडली शोज हिज बोट.’ बाबांची स्वतःची होडी कधीच नव्हती, पण व्याकरण बरोबर होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, म्हणजे अभिमानाने की गर्वाने?” सरांना हा प्रश्न फार आवडला. इंग्रजी दोन्ही एकाच पोत्यात भरतं, ते म्हणाले. ‘ही वॉक्ड प्राउडली’ म्हणजे मान वर करून चालला की ताठ्यात चालला, ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ओळखायचं. मग खिडकीकडे बोट दाखवून, “आणि सिंधुदुर्ग स्टँड्स प्राउडली इन द सी. किल्ल्याला कसला आलाय गर्व? इथे मराठीत ‘दिमाखात’ म्हणा. झेंडा असेल तर ‘डौलाने’.” १६६४ साली पाया घातलेला तो किल्ला आम्ही रोज बघायचो, त्याला क्रियाविशेषण लागतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

हल्ली पाट्यांवर ‘प्राउडली इंडियन’ वाचतो. क्रियापद कुठेच नाही. आता ते चालतं म्हणे, पण माझा हात लाल पेनाकडे जातो.

पुढे आखातात एका गोदीत कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात इंग्रज फोरमन लाकडी फळीवर हात फिरवून म्हणाला, “धिस नेल इज स्टँडिंग प्राउड.” मी गोंधळलो. खिळ्याला अभिमान? त्याने बोटाने दाखवलं: खिळ्याचं डोकं फळीच्या वर राहिलं होतं. सुतारकामात, पृष्ठभागाच्या वर आलेलं ते ‘प्राउड’. नंतर शब्दकोशात पाहिलं, तर शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, अर्थ ‘शूर’. त्याच्याही मागे उशिराच्या लॅटिनमध्ये ‘उपयोगी’. उपयोगी, शूर, मग गर्विष्ठ, आणि शेवटी वर आलेला खिळा.

सुट्टीवर आल्यावर हे सगळं बाबांना रंगवून सांगितलं. ते रंधा पुसत ऐकत होते. खिळो वर रवलो काय जाळा फाटता, एवढंच त्यांना त्यातलं पटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले,

“मगे? ठोकलंस मां तेका?”