ग्राफक्यूएल घ्यायचं ठरलं, पण घोडं फॉर्मपाशी अडलं

संत्र्याच्या लिलावाचं ॲप होतं. वापरणारे नागपूरच्या कळमना बाजारातले अडते आणि काटोल-नरखेडकडचे बागायतदार. एका स्क्रीनवर लॉट, शेतकरी, प्रत, आजचा भाव आणि गाडीचा तपशील दाखवायचा, तर रेस्टमध्ये (प्रत्येक माहितीला वेगळा यूआरएल असणारी नेहमीची एपीआय पद्धत) सर्व्हरला पाच कॉल जायचे आणि प्रत्येकात निम्मी फील्डं बिनकामाची यायची. बागेत रेंजचा पत्ता नसतो, तिथे पाच फेऱ्या परवडत नाहीत. ग्राफक्यूएल म्हणजे सर्व्हरकडे डेटा मागायची क्वेरी भाषा. त्यात हवं तेवढंच एका फेरीत मिळतं. फेसबुकने ते २०१२ मध्ये स्वतःसाठी बनवलं आणि २०१५ मध्ये खुलं केलं, त्यामुळे ते कच्चं असेल ही भीतीही नव्हती. स्कीमा (काय मागता येतं त्याचा आराखडा) झाला, रिझॉल्व्हर (प्रत्येक फील्डचा डेटा आणणारी फंक्शनं) झाले.

मग आला क्लायंटच्या सुरक्षा मंजुरीचा फॉर्म. रकाने असे: यूआरएल, मेथड, अपेक्षित स्टेटस कोड, नमुना उत्तर. आमच्याकडे भरायला ओळ एकच! ग्राफक्यूएलमध्ये सगळ्या क्वेरी एकाच यूआरएलवर जातात, म्हणून एक यूआरएल, पोस्ट मेथड, २०० (म्हणजे ‘ठीक’) कोड. ‘भाऊ, बाकीचे एपीआय कुठं आहेत?’ असं विचारून फॉर्म परत. सोबत समजावणारं पत्र जोडलं, तरी ‘यादी अपूर्ण’ असा शेरा मारून परत. त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही, पण त्या रकान्यांमागच्या शंका रास्त आहेत, हेही सांगायला हवं.

पहिली शंका फायरवॉलची. रेस्टमध्ये यूआरएल बघून नियम लावता येतो. इथे काय आणि किती मागायचं ते मागणारा ठरवतो. शेतकऱ्याचे लॉट, त्या लॉटचा शेतकरी, पुन्हा त्याचे लॉट, अशी क्वेरी कुणी वीस पातळ्या खोल नेली तर डेटाबेस आडवा. त्याहून वाईट म्हणजे एलियस, एकाच फील्डला दिलेलं दुसरं नाव. ओटीपी तपासणारं एकच म्युटेशन (डेटा बदलणारी विनंती) वेगवेगळ्या नावांनी शेकडो वेळा एका रिक्वेस्टमध्ये कोंबता येतं, आणि रिक्वेस्ट मोजणारा रेट लिमिटर त्याला एकच धरतो. खोलीवर मर्यादा घालाच, शिवाय ओटीपीचे प्रयत्न मोबाइल नंबरनुसार मोजा.

दुसरी स्टेटस कोडची. रिझॉल्व्हर फसला तरी उत्तर बहुतेक वेळा २०० म्हणूनच येतं, चूक आतल्या ‘एरर्स’ यादीत असते. ५०० (सर्व्हर फसल्याचा कोड) मोजणारं मॉनिटरिंग हिरवंगार आणि अडत्याच्या स्क्रीनवर भाव गायब! अलर्ट त्या यादीवर लावावा लागतो. तिसरी कॅशची, म्हणजे साठवलेलं उत्तर पुन्हा वापरण्याची. सगळं पोस्टने गेलं की सीडीएन (उत्तरांच्या प्रती ठेवणारे मधले सर्व्हर) काहीच साठवत नाही, आणि सकाळी लिलावाच्या वेळी तोच भाव सगळे एकदम मागतात.

पहिल्या आणि तिसऱ्या शंकेवर इलाज एकच निघाला, पर्सिस्टेड क्वेरी. ॲपचं बिल्ड होताना त्यातली प्रत्येक क्वेरी बाजूला काढायची, तिचा एसएचए-२५६ हॅश (ठरावीक लांबीचा ओळखकोड) करून यादी सर्व्हरला द्यायची. सर्व्हर त्या यादीबाहेरचं काही चालवतच नाही. हॅश छोटा असल्याने वाचण्याच्या क्वेरी गेट मेथडने जातात, सीडीएन त्या साठवतो, आणि प्रत्येक क्वेरीला नाव असल्याने फॉर्ममध्ये एकेक ओळ भरता येते. रकाने भरले आणि मंजुरी आली.

इथे एक घोळ हमखास होतो. ‘ऑटोमॅटिक’ पर्सिस्टेड क्वेरी ही वेगळी चीज आहे. त्यात अनोळखी क्वेरीसुद्धा आल्या-आल्या नोंदवली जाते. मोबाइल डेटाची बचत होते, सुरक्षा शून्य. आणि जुने हॅश पुसू नका. बागायतदार ॲप अपडेट करत नाही, त्याची स्क्रीन कोरी पडते.

एन प्लस वनचं, म्हणजे यादीसाठी एक आणि तिच्यातल्या प्रत्येक नगासाठी एकेक क्वेरी जाण्याचं, आधीच सांगायला हवं होतं. पन्नास लॉट आणि प्रत्येकाचा शेतकरी, म्हणजे डेटाबेसला ५१ क्वेरी. डेटालोडर (सुट्या मागण्या एकत्र करून एकदाच आणणारी लायब्ररी) लावला की त्या दोनवर येतात. तो प्रत्येक रिक्वेस्टसाठी नवा बनवा, नाहीतर एकाच्या कॅशमधला माल दुसऱ्याला दिसेल. स्कीमात भाव ‘नॉन-नल’ (नल, म्हणजे रिकामा, चालणारच नाही असा) ठेवू नका. एका लॉटचा भाव आला नाही की ते नल वर चढत जातं आणि सगळी यादीच रिकामी होऊ शकते.

एकच वेबसाइट आणि चार स्क्रीन असतील तर माझ्या मते ग्राफक्यूएलच्या भानगडीत पडू नये. त्या स्क्रीनपुरता एक जोड एंडपॉइंट रेस्टमध्येच लिहावा, दोन दिवसांचं काम. आमच्याकडे अडत्याचं, शेतकऱ्याचं आणि ऑफिसचं अशी तीन तोंडं होती, म्हणून ते परवडलं.

फोटो मात्र रेस्टनेच चढवा. फाइल अपलोड ग्राफक्यूएलच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नाही. फॉर्ममधली तेवढी एक ओळ कुणी काही न विचारता मंजूर झाली होती.