आधी अभ्यास, मग ठराव

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर मेंढा-लेखा येतं. दोन्ही अंगांना साग, ऐन, मोह आणि बांबूची बेटं. एसटीतून उतरताना कंडक्टरनं विचारलं, "ग्रामसभा पाहाले आले का?" म्हणजे वाट वाकडी करून इथं येणारा मी काही पहिला नव्हतो.

"दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही या छोट्याशा गोंड गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. पण घोषणा काय, कोणीही देतं. मला उत्सुकता होती ती इथल्या अभ्यासगटांची. त्याबद्दल सांगायला गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या पिढीतले एक बाबाजी भेटले. अंगणात मोहफुलं वाळत पडली होती, गोडसर आंबूस वास नाकात बसत होता. बाबाजी सूप मांडीवर घेऊन फुलांतल्या काड्या वेचत होते. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण बोलण्यात 'अभ्यास' हा शब्द दर दोन वाक्यांनी.

"मोहनभाऊ आले तं आमाले शिकवाले नाही आले," ते म्हणाले. मोहनभाऊ म्हणजे सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध 'मानव बचाओ, जंगल बचाओ' आंदोलन झालं. त्यानंतर गावानं स्वतःचा कारभार स्वतः चालवायचं मनावर घेतलं, आणि मोहनभाऊ त्याच सुमारास गावाशी जोडले गेले. तेव्हापासूनची पद्धत अशी: अभ्यासगटात कोणीही यावं, बाहेरच्या जाणकारानंही यावं, हवं तेवढं बोलावं, भांडावं. मात्र तिथं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वानुमते. एकाचं जरी अडलं तरी विषय पुढच्या सभेत.

मधाचंच बघा. पूर्वी आग्या मोहोळ जाळून मध काढायचे, माश्या मरायच्या. अभ्यासगटात माशीचं जगणं समजून घेतल्यावर पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायची रीत आली. हे सांगताना बाबाजींनी सूप खाली ठेवलं आणि हातानं हवेत पोळ्याचा आकार काढला. मध वर कुठं, अंडी-पिल्लं खाली कुठं, कोयता कुठून फिरवायचा. प्राणिशास्त्राचा इतका नेटका तास मला कॉलेजात मिळाला नव्हता.

कायद्याचाही अभ्यास असाच चालला. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे! खातं म्हणे, बांबू हे झाड. कायदा म्हणतो, गौण वनोपज. वनस्पतिशास्त्रात तर बांबू गवतात मोडतो, पण तो मुद्दा सोडा. गावानं कायद्याचं कलम धरून ठेवलं. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बाबाजींना मंत्र्यांच्या भाषणातलं फारसं आठवत नव्हतं. कलम मात्र तोंडपाठ होतं.

मग 2013 मध्ये गावानं ग्रामदान केलं. जमिनीची मालकी ग्रामसभेची, कसणारा ज्याचा तो. स्वतःच्या नावची जमीन गावाच्या नावावर करायला कोण कसं तयार होतं, हे मला आजही पुरतं उलगडलेलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लय दिवस बसलो. घाई केली नाही."

मग त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. पुण्यात कुठं राहता, घरं किती, पाण्याचा हिशेब कोण ठेवतो? मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं वर्णन केलं. पार्किंगचा ठराव बहुमतानं कसा झाला तेही सांगितलं.

"बहुमतानं? मंग ज्याईचं आयकलं नाही, ते काय करतात?"

"व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतात," मी म्हणालो.

बाबाजी दात नसलेल्या तोंडानं खदखदून हसले आणि घरातल्या नातवाला हाक मारून गोंडीत ते उत्तर ऐकवलं. तोही हसला. "पुढच्या ग्रामसभेले येजा," ते मला म्हणाले, "पण बोलाचं नाही. नुसतं बसाचं."

पुढच्या ग्रामसभेची तारीख मी त्या नातवाकडून लिहून घेतली आहे.