'पहारेकऱ्या'चा दुवा अखेर लागला

आपल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाची टिपणं ठेवायला मी अॅप बनवतोय. टिपणात एखादं नाव आलं की त्याच्या माहितीच्या कार्डाचा दुवा (लिंक) आपोआप लागायला हवा. काल रात्री पावणेदोन वाजता पहारेकऱ्याचा दुवा लागला. तीन आठवडे या एका एनपीसीपायी (खेळाडू नव्हे, तर डीएम म्हणजे खेळ चालवणारा जे चालवतो ते पात्र) बाकी सगळं काम अडलं होतं, म्हणून आज सकाळी पहिलं काम ही नोंद.

अॅपच्या आधीच्या आवृत्तीत, डेस्कटॉपवरच्या पायथनच्या प्रोग्रॅममध्ये, नाव दुहेरी चौकटी कंसात टाकलं की त्याचं कार्ड उघडायचं. फोनवर दर नावाला चार कंस कोण टाइप करणार? म्हणून ब्राउझर आवृत्तीत नावं आपोआप ओळखायची ठरवली. आपल्या खेळातला किल्ला नळदुर्गावरून घेतलेला, बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, आणि तिथला म्हातारा पहारेकरी. सेशनच्या (खेळाच्या बैठकीच्या) टिपणांत त्याचा उल्लेख चाळीसेक वेळा येतो. दुवा लागला सहा ठिकाणी.

पहिला दोष लवकर सापडला. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात) शब्दाची हद्द दाखवणारी खूण, बॅकस्लॅश-बी, फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांनाच शब्द मानते. देवनागरी अक्षर आणि पूर्णविराम तिला सारखेच. ती काढून युनिकोडचे 'अक्षर' आणि 'मार्क' हे वर्ग वापरून हद्द स्वतः बांधली. मार्क विसरू नका, नाहीतर प्रत्येक काना-मात्रेला शब्द तुटतो. (त्यासाठी लागणारी, आधीचं अक्षर मागे वळून बघणारी 'लुकबिहाइंड' अट सफारीत १६.४ पासूनच चालते, म्हणजे २०२३ पासून. आयफोन त्याहून जुना असेल तर वेगळा मार्ग काढावा लागेल.)

तरीही 'पहारेकऱ्याने' सापडेना. एकाच पानावर दोन 'पहारेकऱ्याने', दिसायला हुबेहूब, एक सापडतो आणि दुसरा नाही. शेवटी दोन्ही शब्दांची कोड एकाखाली एक छापली. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं, युनिकोड ०९३१, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि य. माझ्या आणि पुण्याला गेलेल्या आपल्या क्लेरिकच्या (म्हणजे ते पात्र खेळणाऱ्याच्या) कीबोर्डमधला हा फरक. तो जॉइनर ना अक्षर ना मार्क, त्याचा वर्ग 'फॉरमॅट'. त्यामुळे माझी हद्द बरोबर त्याच्यावर पडून शब्दाचे दोन तुकडे होत होते. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही इथे उपयोगी पडत नाही, ते या दोन रूपांना एक मानतच नाही. आता टिपण जतन होतानाच र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त घालतो. एका ओळीचा उपाय, पण तो सापडायला अकरा दिवस गेले.

आणि एवढं करूनही मूळ अडचण तशीच होती, कारण कार्डावर 'पहारेकरी' लिहिलंय आणि टिपणात 'पहारेकऱ्याने', 'पहारेकऱ्यांना', 'पहारेकऱ्याकडून'. इंग्रजीतल्या साधनांना मूळ नाव शोधलं की पुरतं. आपल्याकडे नावच बदलतं. आधी नियम लिहायला घेतले: पुल्लिंगी ई असेल तर या, आ असेल तर या, ऊ असेल तर वा. स्त्रीलिंगी नावांशी आणि माणसांच्या नावांशी गाठ पडली आणि नियमांपेक्षा अपवाद जास्त झाले.

सुटका आईने केली. भाकरी थापता थापता म्हणाली, "शाळेत काय शिकवलंय? 'ला' लाव. 'ला'च्या आधी उरतं ते सामान्यरूप." मग यंत्राला कशाला विचारायचं, डीएमलाच विचारू! कार्ड बनवताना आता नावाखाली एक रिकामी चौकट येते आणि तिच्यापुढे छापील 'ला'. दुसऱ्या चौकटीपुढे 'ना'. त्यात 'पहारेकऱ्या' आणि 'पहारेकऱ्यां' एकदाच भरायचं. पुढचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं यादीतून जुळतात.

गावांनी मात्र दगा दिला. 'वाघपूरला' म्हणताना रूप बदलत नाही, 'वाघपुरात' म्हणताना बदलतं. म्हणून ठिकाणाच्या कार्डावर 'ला'ऐवजी 'त' छापला आणि मूळ रूपही शोधात ठेवलं. शिवाय काळू हा चोर आणि काळूबाईचं देऊळ, दोन्हींची कार्डं आहेत. देवळाचा दुवा चोराकडे जात होता. लांब नाव आधी शोधल्यावर तेही मिटलं. चाळीसपैकी एकोणचाळीस. उरलेल्या ठिकाणी मीच 'पाहरेकरी' लिहिलंय.

बाकी थोडक्यात. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लावल्यापासून ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, टिपणं वाचावीशी वाटतात. साठवण ब्राउझरमधल्या इंडेक्स्डडीबी या डेटाबेसातच, आणि ती हाताळायला डेक्सी ही लायब्ररी मला फार आवडली. पण सफारीवाल्यांनो, साइटला हात न लावता ब्राउझर सात दिवस वापरला तर ती साठवण पुसली जाते आणि आपलं सेशन पंधरवड्याने असतं. होम स्क्रीनवर अॅप म्हणून टाकलं तर वाचते. तरी दर सेशननंतर फाइल उतरवून ठेवायचं बटण मी देणारच आहे. राक्षसांची माहिती एसआरडी ५.१ (खेळाच्या नियमांचा खुला दस्तऐवज) मधून घेतोय. जानेवारी २०२३ पासून ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, श्रेय दिलं की झालं.

पुढे सिंक्रोनायझेशन (सगळ्यांकडची टिपणं एकसारखी ठेवणं) घ्यायचं होतं, वायजेएस ही लायब्ररी वापरून. डीएमची गुपितं खेळाडूच्या ब्राउझरपर्यंत जाऊच द्यायची नाहीत, नुसती लपवून भागत नाही, एवढं पक्कं ठरलंय. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. लढाईच्या नोंदीत आत्ता 'पहारेकरी ने वेताळ ला ७ नुकसान केले' असं येतं. सामान्यरूपं आता कार्डातच आहेत, तर तिथे 'पहारेकऱ्याने वेताळाचं ७ नुकसान केलं' असं सरळ मराठी वाक्य येऊ शकतं! नियमांचा अर्धवट राहिलेला कोडही वाया जाणार नाही, तो चौकटीत अंदाज भरून ठेवील आणि डीएम चुकलेला तेवढा दुरुस्त करेल.

म्हणून सिंक्रोनायझेशन महिनाभर पुढे. आधी लढाईची नोंद. रात्रीच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, रॉग खेळणाऱ्याचं उत्तर आलं, "मराठी बोलायलंय की बे!" ३१२ कार्डांपैकी १८७ची रूपं भरून झाली आहेत. शनिवारच्या सेशनआधी तुमच्या पात्रांची 'ला' आणि 'ना'ची रूपं पाठवा, तुमच्या नावाचं रूप तुम्हीच ठरवा.